बॉस्टनमधल्या ब्रिटिश शिपायांचे गुन्हे, खटले आणि शिक्षा (१७६८–१७७६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन क्रांतीच्या आधी आणि सुरुवातीच्या काळात बॉस्टनमध्ये असलेल्या ब्रिटिश पलटणींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. कुठलंही प्रकरण हाती आलं की आधी दोन गोष्टी पाहा: साल कोणतं, आणि गुन्हा लष्कराविरुद्ध की गावकऱ्याविरुद्ध. कोर्ट, शिक्षा आणि कागद कुठे सापडेल हे सगळं त्यावरूनच ठरतं.

१. नेमका कोणता काळ आणि कोणत्या पलटणी?

मुक्काम दोन झाले आणि ते वेगवेगळे धरायला हवेत. पहिला १ ऑक्टोबर १७६८ पासून. त्या दिवशी हॅलिफॅक्सहून आलेली १४वी आणि २९वी पलटण, ५९वीचा काही भाग आणि थोडा तोफखाना लाँग व्हार्फवर उतरला. नोव्हेंबरमध्ये आयर्लंडहून ६४वी आणि ६५वी आली. या दोन १७६९ च्या उन्हाळ्यात परत गेल्या. १४वी आणि २९वी उरल्या, त्या मार्च १७७० मध्ये किंग स्ट्रीटवर शिपायांनी गावकऱ्यांच्या जमावावर केलेल्या गोळीबारानंतर बंदरातल्या कॅसल बेटावर हलवल्या गेल्या. दुसरा मुक्काम १७७४ च्या उन्हाळ्यापासून १७ मार्च १७७६ ला सैन्य जहाजात बसून निघून गेलं तोपर्यंत. त्यातले शेवटचे अकरा महिने शहराला बंडखोर वसाहतकऱ्यांचा वेढा पडलेला होता.

शहराची वस्ती सुमारे १६ हजार. १७६८ च्या अखेरीस शिपाई दोन हजारांच्या आसपास, म्हणजे दर आठ गावकऱ्यांमागे एक लाल डगला. शिवाय शहर म्हणजे जवळजवळ बेटच होतं, नेक नावाच्या अरुंद पट्टीने मुख्य भूमीला जोडलेलं. ही पट्टी पुढे बऱ्याच उत्तरांत येणार आहे.

२. शहरही ब्रिटिश, सैन्यही ब्रिटिश. मग ‘ताबा’ कसला?

गावकऱ्यांच्या लेखी ताबा, कायद्याच्या लेखी छावणी. हा फरक नुसता बोलण्यापुरता नव्हता. बॉस्टनकर हे राजाचे प्रजाजन होते, शत्रू नव्हते. त्यामुळे १२ जून १७७५ ला ब्रिटिश सैन्याचा सेनापती जनरल गेजने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारेपर्यंत शहरात नेहमीचे दंडाधिकारी, कॉन्स्टेबल आणि ज्यूरी यांचाच कायदा होता आणि शिपायालाही तो लागू होता. जिंकलेल्या परक्या शहरात सेनापती जे करू शकतो, ते गेजला इथे करता येत नव्हतं.

३. शिपाई सगळ्यात जास्त कोणता गुन्हा करत?

पळून जाण्याचा. खून, दरोडे असं काहीतरी ऐकायच्या अपेक्षेने बरेच जण हा प्रश्न विचारतात. पण लष्करी कागद उघडले की आधी फरारी भेटतात. मग पहाऱ्यावर दारू पिणं किंवा झोपणं, वरिष्ठाला उलट बोलणं, आणि अंगावरचं सामान विकणं. हे शेवटचं आज क्षुल्लक वाटेल, पण सदरे, मोजे, बूट हे ‘गरजेचे जिन्नस’ शिपायाच्या पगारातून कापून घेतलेले असले तरी विकायचा हक्क त्याला नव्हता. पाहणीच्या वेळी एक सदरा कमी निघाला की सरळ कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालय. बंदूक विकणं हा तर वेगळाच मामला (प्रश्न १२ पाहा).

गावकऱ्यांविरुद्धचे गुन्हे म्हणजे मारामारी, भुरटी चोरी, घरफोडी, वाटेत अडवून शिवीगाळ. त्यांचा बोभाटा जास्त झाला, कारण ते गावाच्या कोर्टात आणि वर्तमानपत्रांत आले.

४. दारूचा वाटा किती?

खूप मोठा. बॉस्टन हे रम गाळणारं शहर होतं. वेस्ट इंडिजची काकवी जहाजाने यायची, गावातच गाळली जायची आणि शिपायालाही परवडेल अशा भावात मिळायची. मरीन्सचा, म्हणजे नौदलाच्या सैनिकांचा, मेजर जॉन पिटकेर्न १७७५ च्या मार्चमध्ये लंडनला लिहितो की ही स्वस्त रम यांकींपेक्षा, म्हणजे इथल्या वसाहतकऱ्यांपेक्षा, आपलीच माणसं जास्त मारेल. अधिकारीही काही कोरडे नव्हते (प्रश्न १३).

५. पगार किती होता? त्यात भागत होतं का?

साध्या पायदळ शिपायाला दिवसाला ८ पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, या हिशेबाने वर्षाला १२ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स. पण हे कागदावर. त्यातले २ पेन्स कपडे आणि इतर कपातीसाठी आधीच वळते व्हायचे. उरलेल्या ६ पेन्सांतून खाणं, आणि पुन्हा बूट-मोज्यांसाठी कापाकापी. हातात चिल्लर उरली तर नशीब.

म्हणून पहारा नसेल तेव्हा बाहेर मजुरी करायची मुभा होती, आणि शिपाई गावातल्या मजुरापेक्षा कमी पैशांत राबायचा. पोट भरायचा हा सरळ मार्ग होता, पण भांडणाचं मूळही तेच. २ मार्च १७७० ला २९व्या पलटणीचा एक शिपाई जॉन ग्रेच्या दोरखंडाच्या कारखान्यात काम मागायला गेला. तिथल्या कामगाराने ‘माझा शेतखाना साफ कर’ असं सुनावलं. हाणामारी झाली, शिपाई सोबती घेऊन परत आला, पुन्हा हाणामारी. त्यात असलेली काही माणसं तीन दिवसांनी किंग स्ट्रीटवर पुन्हा समोरासमोर आली.

६. शिपाई पळून कसे जात? नेकवर पहारा नव्हता का?

होता, आणि तो बाहेरून येणाऱ्यांपेक्षा आतून जाणाऱ्यांसाठीच जास्त होता. नेकवर चौकी, रात्री शिपायांची हजेरी, चार्ल्सटाऊनच्या होडीवर नजर. तरीही पळणं अवघड नव्हतं, कारण मदत सगळीकडून मिळे.

पहिली अडचण लाल डगल्याची. तो घालून दहा पावलंही जाता येत नसे, म्हणून आधी साधे कपडे मिळवायचे. ते देणारे गावात होते. मग अंधारात होडी, किंवा ओहोटीच्या वेळी नेकच्या कडेच्या चिखलातून. एकदा खेड्यात पोचलं की भाषा तीच, धर्म तोच, शेतावर माणसांची टंचाई आणि मजुरी लष्कराच्या पगाराहून चांगली. विणकर, चांभार, सुतार असा हातात धंदा असलेला माणूस तर महिन्याभरात तिथलाच होऊन जाई. युरोपातल्या लढायांत फरारी शिपाई परक्या मुलखात उठून दिसायचा, इथे तो मिसळून जात होता. सैन्याची खरी डोकेदुखी ही होती.

पकडले जात ते बहुधा दोन कारणांनी. एक, पैसे संपले किंवा दारू चढली आणि ते गावातच लपून राहिले. दोन, त्यांना शोधायला साध्या वेशात पाठवलेल्या सार्जंटांनी किंवा शिपायांनी ओळखलं. १७७४ नंतर खेड्यांतले लोक फरारी शिपायाला कवायत शिकवणारा मास्तर म्हणूनही ठेवून घेऊ लागले. मग अशा शोधपथकांना गावात शिरणंच धोक्याचं झालं.

७. पळणाऱ्या प्रत्येकाला गोळी घालत का?

नाही. तसं केलं असतं तर पलटणी रिकाम्या झाल्या असत्या. कायद्याने मृत्युदंड देता येत होता. प्रत्यक्षात बहुतेकांना फटके, पहिल्यांदाच पळालेल्याला किंवा आपणहून परतलेल्याला माफी, आणि अधूनमधून एखाद्याला दहशत बसावी म्हणून गोळी.

बॉस्टन कॉमन या शहरातल्या सार्वजनिक मैदानावर गोळी घातलेल्यांपैकी तीन नावं नेहमी विचारली जातात. १४व्या पलटणीचा रिचर्ड एम्स, ३१ ऑक्टोबर १७६८. ६५व्या पलटणीचा व्हॅलेंटाइन डकेट, ९ सप्टेंबर १७७४. १०व्या पलटणीचा विल्यम फर्ग्युसन, २४ डिसेंबर १७७४. एम्सची वेळ पाहा. सैन्य उतरून महिनाही झाला नव्हता आणि माणसं गळायला लागली होती. त्याच्यासाठी गावातल्या प्रतिष्ठित बायकांनी गेजकडे रदबदली केल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. उपयोग झाला नाही. त्याला पांढऱ्या कपड्यांत कॉमनवर आणलं, पलटणींसमोर गोळ्या घातल्या, मग सगळ्या शिपायांना त्याच्या प्रेताजवळून चालत नेलं आणि तिथेच पुरलं. गुन्हेगारापेक्षा बघणाऱ्यांसाठी बेतलेली शिक्षा होती ती.

८. कोर्ट मार्शल कसं चाले? त्याचे प्रकार किती?

शिपायाच्या दृष्टीने दोन. पलटणीचं कोर्ट मार्शल म्हणजे त्याच पलटणीचे पाच अधिकारी. माणसं कमी असतील तर तिघांवर भागे. दारू, किरकोळ चोरी, सामान विकणं, उद्धटपणा अशी रोजची प्रकरणं इथे निघत. काम सकाळी, शिक्षा बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. मृत्युदंड देण्याचा अधिकार या कोर्टाला नव्हता.

जनरल कोर्ट मार्शलला तेरा अधिकारी बसत. अध्यक्ष वरच्या हुद्द्याचा असे आणि कामकाज नोंदवायला, कायदा सांगायला जज अ‍ॅडव्होकेट. काम सकाळी ८ ते दुपारी ३ याच वेळात चालवायचं, असा नियम होता. मतं सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यापासून घ्यायची, म्हणजे वरच्याचं ऐकून खालचा मत बदलणार नाही. मृत्युदंडासाठी तेरापैकी किमान नऊ जण एकमताचे हवेत, आणि निकाल सेनापतीने मंजूर केल्याशिवाय अमलात येत नसे.

आरोपीला वकील नसे. तो स्वतः साक्षीदारांना प्रश्न विचारू शके, आणि त्याच्या कॅप्टनने ‘माणूस एरवी बरा आहे’ एवढं सांगितलं तरी शिक्षा उतरायची शक्यता असे. कागदांत ‘चारित्र्य’ म्हणून जी दोन ओळींची साक्ष दिसते, ती वगळून पुढे जाऊ नका. शेवटचा निर्णय अनेकदा तिथेच फिरलेला असतो.

९. हजार फटके? माणूस जगायचा कसा?

आकडा खरा आहे, पण तो एका दमात मारत नसत.

पलटण चौकोनात उभी करायची. मध्ये तीन हॅलबर्ड, म्हणजे सार्जंटच्या हातातले कुऱ्हाडीच्या पात्याचे भाले, वर एकत्र बांधून तिवई करायची. शिपायाला कमरेपर्यंत उघडा करून हात वर त्या तिवईला बांधायचे. नऊ दोऱ्यांचा चाबूक पलटणीच्या ढोलवाल्यांच्या हातात. एकाने साधारण पंचवीस मारायचे, मग दुसऱ्याने पुढे यायचं, म्हणजे हात थकून मार हलका व्हायला नको. मागे ड्रम मेजर मोजतो, शेजारी पलटणीचा डॉक्टर उभा. डॉक्टरने हात वर केला की थांबायचं. उरलेले फटके पाठ भरून आल्यावर पुन्हा. म्हणून हजाराची शिक्षा काही आठवडे चालू शके, आणि बऱ्याचदा उरलेले फटके माफही होत. थोडक्यात, निकालातला आकडा आणि पाठीवर बसलेला आकडा एकच असेल असं धरू नका.

गावकऱ्यांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. २९व्या पलटणीचे ढोलवाले काळे होते. १७५९ मध्ये वेस्ट इंडिजमधलं ग्वादलूप बेट जिंकल्यावर तिथली मुलं अ‍ॅडमिरल बॉस्कवेनने आपल्या भावाला दिली होती. तो भाऊ या पलटणीचा कर्नल. म्हणजे कॉमनवर, भर दिवसा, काळा माणूस गोऱ्याला फटके मारताना बॉस्टनने पाहिला. गुलाम पाळणाऱ्या शहराला हे कसं वाटलं असेल ते सांगायला नको, आणि वर्तमानपत्रांनी ते आवर्जून छापलंही.

१०. शिपायाने गावकऱ्याला मारलं किंवा लुटलं तर खटला कुठे चाले?

१७७४ पर्यंत गावाच्या कोर्टात. लष्कराच्या नियमावलीतच कलम होतं: शिपायावर प्रजाजनाच्या जिवाविरुद्ध किंवा मालमत्तेविरुद्ध गुन्ह्याचा आरोप असेल आणि तक्रार आली असेल, तर त्याला दंडाधिकाऱ्याच्या हवाली करणं हे कमांडरचं कर्तव्य. नाही केलं तर कमांडरच दोषी.

प्रत्यक्षात खटके उडायचे ते दोन ठिकाणी. पहिलं, पकडायला गेल्यावर. जुलै १७६९ मध्ये १४व्या पलटणीच्या जॉन रायलीने केंब्रिजहून मांस विकायला आलेल्या जोनाथन विनशिप नावाच्या खाटकाला खाली पाडलं. दंड झाला, तो भरला नाही. कॉन्स्टेबल अटक करायला लागला तर दंडाधिकारी एडमंड क्विन्सी यांच्यासमोरूनच सोबतच्या शिपायांनी तलवारी काढून त्याला सोडवून नेलं. त्यात हात असल्याबद्दल लेफ्टनंट अलेक्झांडर रॉस या अधिकाऱ्यावरच खटला भरला गेला.

दुसरं, शिक्षा झाल्यावर. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात चोराला चोरीच्या तिप्पट भरपाई द्यावी लागे, आणि देता आली नाही तर त्याला काही मुदतीसाठी चाकरीत विकता येई. ८ पेन्सवाला शिपाई तिप्पट कुठून आणणार? १७६९ मध्ये १४व्या पलटणीतल्या जॉन मॉइसला असंच विकायचा हुकूम झाला. राजाचा शिपाई गावकऱ्याच्या घरी बांधील नोकर म्हणून राबणार, हे ऐकून अधिकारी भडकले. कायदा मात्र गावाच्या बाजूने होता, आणि तो शिपायासाठी मुद्दाम केलेला नव्हता. स्थानिक चोरालाही तोच लागू होता.

११. मग ५ मार्च १७७० च्या गोळीबाराचा खटला लष्कराने का चालवला नाही?

वरच्याच कारणाने. आरोप प्रजाजनांच्या खुनाचा होता. आणखी एक मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही: दंगल झाली तरी जमावावर गोळी चालवायचा हुकूम नागरी दंडाधिकाऱ्याने द्यायचा असे. किंग स्ट्रीटवर त्या रात्री असा कोणी पुढे आलाच नाही. त्यामुळे शिपायांचा बचाव ‘हुकूम होता’ असा होऊ शकत नव्हता. ‘जिवाला धोका होता’ असाच करावा लागला.

कॅप्टन थॉमस प्रेस्टनला त्याच रात्री पकडलं, आठ शिपायांना दुसऱ्या दिवशी. प्रेस्टनचा खटला ऑक्टोबरच्या अखेरीस, शिपायांचा २७ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर. आम्हालाही कॅप्टनबरोबरच उभं करा, अशी काही शिपायांची विनंती होती, ती फेटाळली. भीती उघड होती. कॅप्टन म्हणणार मी हुकूम दिला नाही, तो सुटला की आपण एकटे अडकणार. बचाव जॉन अ‍ॅडम्स आणि जोसाया क्विन्सी यांनी केला. शिपायांच्या ज्यूरीत बॉस्टनचा एकही माणूस नव्हता, आणि याचा फायदा झाला.

प्रेस्टन निर्दोष, सहा शिपाई निर्दोष. मॅथ्यू किलरॉय आणि ह्यू माँटगोमेरी यांना खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं. त्याचीही शिक्षा फाशी होती. पण पहिल्या गुन्ह्यासाठी एक जुनी सवलत मागता येई. मुळात ती फक्त धर्मगुरूंना होती, पुढे वाचता येणाऱ्या कुणालाही मिळू लागली, आणि वाचायची अटही इंग्लंडमध्ये १७०६ मध्येच काढली होती. दोघांनी ती मागितली. १४ डिसेंबरला अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग देऊन सोडून दिलं. डाग कशासाठी? ही सवलत आयुष्यात एकदाच. पुन्हा कोर्टात आला तर अंगठा दाखवावा लागणार.

१२. शिपाई बंदुका खरंच विकत होते का? त्याला काय होई?

विकत होते, विशेषतः १७७४–७५ च्या हिवाळ्यात, कारण खेड्यापाड्यांत शस्त्रांना गिऱ्हाईक होतं आणि दाम चांगला मिळे. मार्च १७७५ मध्ये ४थ्या पलटणीच्या एका शिपायाला गावकऱ्यांना शस्त्रं विकल्याबद्दल ५०० फटक्यांची शिक्षा झाली.

त्याच महिन्यात बिलेरिका गावचा थॉमस डिटसन बंदूक विकत घ्यायला आला. ४७व्या पलटणीच्या शिपायांनी त्याला सापळ्यात पकडलं, अंगाला डांबर फासलं, वर पिसं चिकटवली आणि वाजतगाजत शहरातून फिरवलं. डांबर-पिसं हा तोवर गावच्या जमावाचा प्रकार होता. इथे तो गणवेशातल्यांनी, आपल्या लेफ्टनंट कर्नलच्या देखत केला. हा कायद्याने सरळ हल्ला होता. पण प्रश्न १६ पाहा: मार्च १७७५ मध्ये तक्रार न्यायची कुठे?

१३. अधिकाऱ्यांना शिक्षा होत असे का?

फटके कधीच नाहीत. अधिकाऱ्याचं कोर्ट मार्शल झालं तर ताशेरे, निलंबन, किंवा बडतर्फी. बडतर्फी म्हणजे पैसे मोजून घेतलेली जागा बुडाली, हा मोठा फटका. गावाच्या कोर्टात बहुधा दंड किंवा चांगल्या वागणुकीचा जामीन. ५९व्या पलटणीच्या कॅप्टन जॉन विल्सनवर ऑक्टोबर १७६८ मध्ये आरोप होता की दारूच्या नशेत त्याने गुलामांना मालकांविरुद्ध चिथावलं. त्याच्याकडून असाच जामीन घेतला गेला. २० जानेवारी १७७५ च्या रात्री झिंगलेले अधिकारी आणि गावचे पहारेकरी यांच्यात मारामारी झाली. त्यावर गेजने चौकशी बसवली.

१४. सैन्याबरोबरच्या बायकांना कोणता कायदा लागू होता?

लष्कराचा. पलटणीकडून शिधा घेणारी शिपायाची बायको, कपडे धुणारी, शुश्रूषा करणारी, छावणीला माल विकणारी, सगळ्या छावणीच्या आश्रित म्हणून लष्करी नियमांखाली येत. वेढ्याच्या हिवाळ्यात याची दोन ठळक उदाहरणं आहेत. विनिफ्रेड मॅककोवन हिने गावचा वळू चोरून मारवला. गाडीच्या मागे बांधून, शहरातल्या आणि छावणीतल्या वर्दळीच्या ठिकाणी थोडे थोडे करून १०० फटके आणि तीन महिने कैद. ४३व्या पलटणीचा थॉमस मॅकमेहन आणि त्याची बायको इझाबेला यांच्यावर चोरीचा माल घेतल्याचा आरोप. त्याला १००० फटके, तिला गाडीमागे १०० आणि तीन महिने. एकाच खटल्यात नवरा-बायकोच्या शिक्षेतला फरक इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

१५. स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल काय माहिती आहे?

१७६८–६९ च्या वर्तमानपत्रांत छेडछाडीच्या आणि हल्ल्यांच्या बातम्या वारंवार येतात, बऱ्याचदा नाव-गावाशिवाय. त्यातल्या फार थोड्या कोर्टापर्यंत गेल्या. यावरून ‘बातम्या खोट्या’ असा निष्कर्ष काढणारे आहेत आणि ‘सगळ्या खऱ्या’ म्हणणारेही. दोन्ही घाई आहे. बातम्या छापणाऱ्यांचा हेतू राजकीय होता (प्रश्न १७). पण तक्रार करणाऱ्या बाईचीच बदनामी व्हायची, हेही तितकंच खरं. त्यामुळे कोर्टात नोंद नाही म्हणजे घडलं नाही, असं इथे म्हणता येत नाही.

१६. १७७४ नंतर नियम बदलले का?

बदलले, आणि इथेच सर्वाधिक गल्लत होते. मे १७७४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की दंगल मोडताना किंवा महसूल वसूल करताना खुनाचा आरोप आलेल्या माणसाचा खटला गव्हर्नरला दुसऱ्या वसाहतीत किंवा इंग्लंडमध्ये हलवता येईल. विरोधक त्याला ‘खुनाचा कायदा’ म्हणत. प्रेस्टनला बॉस्टनच्याच कोर्टाने सोडलं होतं, तेव्हा याची गरज काय, हा त्यांचा सवाल रास्त होता.

कायद्यापेक्षा मोठा बदल जमिनीवर झाला. ऑगस्ट १७७४ मध्ये बॉस्टनच्या ज्यूरींनी शपथ घ्यायला नकार दिला आणि वरिष्ठ कोर्टाचं काम ठप्प झालं. म्हणजे प्रश्न १० मधली व्यवस्था कागदावर राहिली आणि चालवणारं कोणी उरलं नाही. १२ जून १७७५ नंतर मार्शल लॉ. मग दुकानफोडीसारखे, एरवी ज्यूरीपुढे गेले असते असे गुन्हे जनरल कोर्ट मार्शलपुढे येऊ लागले. जानेवारी १७७६ मध्ये ५९व्या पलटणीच्या दोन शिपायांना एका व्यापाऱ्याचं दुकान लुटल्याबद्दल फाशी सुनावली गेली ती अशाच कोर्टात.

आता अवघड भाग. वेढ्यात जळणाची टंचाई इतकी की घरं, कुंपणं, जेट्ट्या तोडून जाळत होते. ओल्ड नॉर्थचं प्रार्थनागृह सैन्याने सरपणासाठी पाडलं. ते हुकमाने, म्हणून गुन्हा नाही. शिपायाने हुकूम नसताना शेजारचं कुंपण उपटलं तर गुन्हा. डिसेंबर १७७५ मध्ये गेजच्या जागी सेनापती झालेल्या जनरल हाऊने हुकूम काढला की लष्करी कोतवालाने फाशी देणाऱ्याला सोबत घेऊनच गस्त घालावी, आणि तोडफोड करताना सापडलेल्या पहिल्या माणसाला खटल्याशिवाय जागीच लटकवावं. आठ नंबरच्या उत्तरातले तेरा अधिकारी, सकाळी ८ ते ३, नऊ मतं, सगळं एका हुकमाने बाजूला पडलं. सैन्य निघताना मार्च १७७६ मध्येही तेच. क्रीन ब्रश नावाच्या माणसाला गावातलं कापड ताब्यात घ्यायचा हाऊचा अधिकृत परवाना, आणि तेच काम परवान्याशिवाय करणारा शिपाई लुटारू.

१७. त्या काळच्या वर्तमानपत्रांवर किती विश्वास ठेवावा?

पहिल्या मुक्कामात शिपायांच्या गैरवर्तनाची रोजनिशीसारखी मालिका सप्टेंबर १७६८ ते ऑगस्ट १७६९ छापली गेली. ती बॉस्टनमध्ये लिहिली जाई, पण आधी न्यूयॉर्कमध्ये छापली जाई आणि मग फिरून बॉस्टनच्या पत्रांत येई. तोवर आठवडे उलटलेले. ज्यांना पडताळायचं ते साक्षीदार पांगलेले. तारीख, पलटण आणि नाव असलेली नोंद कोर्टाच्या कागदांशी जुळवून बघता येते. ‘एका सभ्य स्त्रीला एका शिपायाने’ अशी नोंद जुळवता येत नाही. पण लष्कराचे कागदही निष्पक्ष नाहीत. गावकऱ्याने आधी डिवचलं, हे त्यांत जवळजवळ दर वेळी असतं.

१८. नौदलाचे खलाशी आणि मरीन्स यात धरायचे का?

खलाशी नाहीत, त्यांचे नियम आणि कोर्टं वेगळी. मरीन्स किनाऱ्यावर उतरून छावणीत राहिले तर त्यांच्यासाठी वेगळा, पण पायदळासारखाच कायदा होता. १७७५ मध्ये पिटकेर्नची माणसं याच प्रकारात येतात.

१९. एखाद्या शिपायाचं प्रकरण शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

आधी पलटणीचा क्रमांक आणि कंपनीच्या कॅप्टनचं नाव मिळवा. त्या काळी कंपनी कॅप्टनच्या नावानेच ओळखली जाई. मग लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १२ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्ध खात्याच्या कागदांचा संच) मधली हजेरीपटं पाहा. माणूस पळाला, मेला किंवा बदलून गेला तर नावासमोर तारखेसह शेरा असतो. जनरल कोर्ट मार्शलचं कामकाज डब्ल्यूओ ७१ मध्ये सापडतं, अनेकदा साक्षींसकट. पलटणीच्या कोर्ट मार्शलचे कागद सहसा जपलेच नाहीत. त्यांचा मागमूस लागला तर अधिकाऱ्यांच्या हुकूमवह्यांत लागतो, तोही दोन-तीन ओळींत: नाव, आरोप, फटके. गावाच्या कोर्टातले खटले मॅसॅच्युसेट्सच्या राज्य अभिलेखागारात.

नावाचं स्पेलिंग एकच धरून शोधू नका. मॉइस कुठे मॉयझ होतो, किलरॉय कुठे किलरॉई, आणि लिहिणारा कारकून इंग्रज, शिपाई आयरिश असेल तर आडनाव ओळखूही येणार नाही. हजेरीपटातली फरार झाल्याची तारीख आणि हुकूमवहीतली शिक्षेची तारीख यात चार-सहा महिन्यांचं अंतर दिसलं तर तो मधला काळ तो बाहेर होता की कोठडीत, हे पुढच्या हजेरीपटावर कळतं. सहा महिन्यांचा एक पट, म्हणून नेहमी लागोपाठचे तीन तरी मागवा.